सोप्या वाटेचे ऋण

खडतर वाटेला पुण्य आणि सोप्या वाटेला करमणूक, हा हिशेब आपल्या मनात पक्का बसलेला आहे. वारी पायी करायची, गिरनारच्या पायऱ्या चढायच्या आणि डोलीतून वर जाणाऱ्याकडे जरा तिरक्या नजरेने पाहायचे. या हिशेबाने स्वित्झर्लंडच्या व्हाले प्रांतातल्या जुन्या पाटांकाठची पायपीट धर्माच्या खात्यात कुठेच जमा होणार नाही. तिथले फ्रेंच बोलणारे लोक या पाटांना ‘बिस’ म्हणतात. वाट जवळपास सपाट, एका अंगाला वितळलेल्या बर्फाचे गढूळ पाणी, दुसऱ्या अंगाला ऱ्होन नदीचे खोरे. दम लागत नाही, घाम येत नाही. मग यात साधना ती कसली? मला वाटते, गफलत इथेच होते. कष्ट दिसत नाहीत म्हणजे ते झालेच नाहीत असे नव्हे. ते आधीच कुणीतरी उपसून ठेवले आहेत. सोपेपणा हे ऋण आहे, आणि ऋण ही तर धर्माचीच बाब.

व्हाले हा त्या देशातल्या सर्वांत कोरड्या भागांपैकी एक. दोन्हीकडच्या डोंगररांगा पाऊस अडवतात. वर हिमनद्या, खाली तहानलेली कुरणे नि द्राक्षमळे, आणि मधे उभे कडे. सावियेझच्या गावकऱ्यांनी 1430 मध्ये आपल्या मोठ्या पाटाला हात घातला. कातळात भोके पाडून त्यांत लाकडी तुळया ठोकल्या आणि तुळयांवर फळ्यांची पन्हळ टांगली. आयाँ गावाच्या 1442च्या पाटाची अशीच पन्हळ आज स्विस 100 फ्रँकच्या नोटेवर आहे. उतार इतका बेताचा ठेवायचा, की पाणी थांबू नये आणि मातीचे काठही खरवडू नयेत. आपल्या गुडघ्यांना जे सुख मिळते ते या मापाचे. वाटही फिरस्त्यांसाठी नव्हती, राखणदाराच्या फेऱ्यांसाठी होती. पाण्यात एक छोटे चाक बसवत आणि ते फिरले की लाकडी हातोडा फळीवर टक् टक् आपटे. आवाज चालू तोवर पाणी चालू. टकटक थांबली की कुठेतरी पन्हळ फुटली किंवा दरड आली असे समजायचे आणि निघायचे. आपल्याकडे पांझरा नदीकाठच्या फडांवर, म्हणजे सामाईक पाटपाण्याच्या शेतांवर, पाट राखणाऱ्या पाटकऱ्याचे काम याच जातीचे.

यावर कुणी म्हणेल, त्या माणसांनी हे आपल्या गवतासाठी आणि द्राक्षांसाठी केले. आपण त्यांच्या ध्यानीमनीही नव्हतो. देण्याचा हेतू नाही, तिथे घेणेकरी कोण? पण मग पितृऋणाचे काय करायचे? आपल्या खापरपणज्यानेही आपल्याला डोळ्यांपुढे ठेवून संसार केला नव्हता. ऋण हेतूवर ठरत नाही, पदरात काय पडले यावर ठरते. दुसरा आक्षेप जास्त टोकदार आहे. या न्यायाने डांबरी सडकही ऋण, जिनाही ऋण. सगळेच ऋण झाले तर शब्दाला अर्थ काय उरला? मान्य, सडकही ऋणच. फरक एवढाच की सडक ते झाकते आणि पाट उघडे ठेवतो. तुळईचे भोक हाताच्या अंतरावर असते. शिवाय इथे पाणी आणि श्रम यांची फारकत कधी झाली नव्हती. कुणाचा किती हक्क हे लाकडाच्या काठीवर खाचा पाडून लिहीत, आणि हक्कदाराला दुरुस्तीच्या कामाला यावेच लागे. पाळी घ्यायची तर पाटीही उचलायची. पाटी न उचलता वाटा घेणारा त्या पाटावर एकच, नुसता चालणारा.

ज्ञानेश्वरीच्या बाराव्या अध्यायात समर्पणाचा दाखला म्हणून माळी वळवील तिकडे मुकाट जाणारे पाणी येते. त्या पाण्याबद्दल निरूपणकार भरभरून बोलतात, माळ्याबद्दल फारसे कुणी बोलत नाही. पाटाकाठी चालणारा त्या पाण्यासारखाच, दुसऱ्याने आखलेल्या उताराच्या स्वाधीन. पण पाण्याला माळी ओळखता येत नाही, माणसाला येतो. म्हणून स्वाधीन होण्यापाशी त्याला थांबता येत नाही. शतपथ ब्राह्मण देव, ऋषी, पितर यांच्या जोडीला चौथे ऋण सांगते, ते माणसांचे, आणि ते फेडायचे दारी आलेल्याला निवारा आणि अन्न देऊन. म्हणजे ज्याचे घेतले त्यालाच परत करायचे असे नाही, पुढे येणाऱ्याला द्यायचे. तिकिटाचे पैसे मोजून हे फिटत नाही, कारण पैसे हयातांना पोचतात. व्हालेतल्या काही पाटांवर पाणी सोडण्याआधी वसंतात गाळ आणि पडझड काढायला आजही माणसे जमतात. तिकडे जाणे झालेच, तर शक्यतो त्या दिवसांत जावे आणि हाती फावडे घ्यावे.