चाल आणि झील

कवितेला चाल लावली की ती लोकांपर्यंत पोहोचते, हे विधान मराठीत इतक्या सहजपणे केले जाते की त्यातील ‘पोहोचणे’ म्हणजे नेमके काय, हे तपासण्याची गरज सहसा कोणाला वाटत नाही. या विधानाला स्पॅनिश कवितेचा आधार सोयीचा ठरतो, कारण जोआन मानुएल सेर्रात या गायकाने १९६९ मध्ये अंतोनियो माचादोच्या कविता गायल्या आणि त्या पुस्तक न उघडणाऱ्यांच्याही तोंडी बसल्या. सुरांनी कविता बिघडते, या उलट मताचा विचार ओवी-अभंगांच्या भाषेत करण्याचे कारण नाही. पोहोचण्याचे मत मात्र तपासले पाहिजे, कारण त्यात एक मोठा अन्याय दडलेला आहे: कविता एका टोकाला असते आणि दुसऱ्या टोकाला कवितेवाचून कोरडे राहिलेले लोक असतात, असे ते गृहीत धरते.

डहाणू आणि तलासरी तालुक्यांत हे गृहीतक टिकत नाही. वारली समाजात परंपरेने लग्न लावते ती धवलेरी, म्हणजे विधीची गाणी म्हणणारी स्त्री. सवाष्णी भिंतीवर तांदळाच्या पिठाने पालघट देवीचा चौक लिहितात तेव्हा तिचे गाणे चालू असते आणि तिची ओळ मागच्या बायका उचलतात. याच मुलखात लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी माणूस जमीनदाराकडे राबे आणि त्याला ‘लग्नगडी’ म्हणत. ती वेठ मोडण्यासाठी १९४५ मध्ये गोदावरी आणि शामराव परुळेकरांच्या साथीने वारली उभे राहिले. ज्यांच्याकडे जमीन नव्हती, अक्षर नव्हते आणि स्वतःच्या श्रमावरही हक्क नव्हता, त्यांच्या मांडवात कविता होती, आणि ती कोणी पोहोचवलेली नव्हती.

उलट, पोहोचण्यात काय गमावले जाते हे याच ठिकाणी दिसते. १९७० च्या दशकापासून गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांच्या थोर हातांनी वारली चित्र कागदावर आणि कापडावर आणले आणि ते जगभर गेले. त्यात त्यांचा काही दोष नाही. परंतु भिंतीवरून निघालेल्या चित्राबरोबर धवलेरीचे गाणे गेले नाही, हेही खरे आहे. चित्र पोहोचले आणि त्याला ओळ देणारा आवाज मांडवातच राहिला.

म्हणून खरा भेद गेय आणि अगेय असा नाही, लोकगीत आणि भावगीत असाही नाही. तो चाल आणि झील यांच्यातला आहे. पोवाड्यात शाहिराच्या मागून सूर धरणाऱ्यांच्या साथीला झील म्हणतात. चाल ऐकणाऱ्यासाठी असते, तर झील ऐकणाऱ्याला गाण्याचा भागीदार करते. क्युबाच्या ‘ग्वांतानामेरा’ या गाण्याचे बळ याच गुणात आहे. होसेइतो फर्नांदेस त्या चालीत रेडिओवर रोजच्या घटना गात असे. पुढे कवी होसे मार्तीच्या १८९१ च्या संग्रहातील कडवी तिच्यात बसली, कारण मार्तीने लोकगीतांचेच आठ अक्षरांचे माप घेतले होते. सेर्राताचे यशही निव्वळ प्रसाराचे नाही. परदेशी मेलेल्या कवीविषयीच्या स्वतःच्या ओळी त्याने माचादोच्या ओळींना जोडल्या. तो पोहोचवणारा राहिला नाही, झीलकरी झाला.

छापील कवितेचा शब्द जपला पाहिजे, हे मान्यच आहे, आणि प्रत्येक चालीत भर घालण्याची मुभा असू शकत नाही. तरीही चाल लावणाऱ्याने दुसऱ्या आवाजासाठी जागा ठेवली की नाही, हा प्रश्न श्रोत्यांच्या संख्येच्या आधी विचारला गेला पाहिजे. धवलेरीची गाणी ध्वनिमुद्रित करून ठेवणे आवश्यक आहे. परंतु तिच्या मागे बसून पुढची ओळ उचलणारी मुलगी त्या मांडवात असणे, हे त्याहून निकडीचे आहे.