डिस्ट्रो निवडताना शेजार पाहा

नांदेडला वजिराबादेत किंवा लातूरला गंजगोलाईच्या आसपास, कॉम्प्युटर दुरुस्तीच्या कुठल्याही दुकानात थोडा वेळ उभं राहिलं की एक वाक्य हमखास कानावर पडतं: ‘विंडोज मारून द्या.’ सांगणाऱ्याने गावाकडून सीपीयू पोत्यात गुंडाळून, एसटीत मांडीवर धरून आणलेला असतो. दुकानदार पत्रा उघडतो, ब्रशने धूळ झटकतो, रॅम काढून तिचे सोनेरी दात खोडरबरने पुसतो, पेनड्राइव्ह लावतो आणि तासा-दीड तासात मशीन परत देतो. मराठवाड्यात घरोघरी कॉम्प्युटर चालते राहिले ते या माणसामुळे. लिनक्सची कोणतीही चर्चा मला इथूनच सुरू करावीशी वाटते.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नियमित आधार थांबवला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते आणि इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर. आपल्याकडच्या नेट कॅफेत, शिकवणी वर्गांत, आडत दुकानांत आणि घरांत चौथ्या-सहाव्या पिढीची धडधाकट यंत्रं शेकड्यांनी आहेत. ती भंगारात घालायची, सुरक्षेच्या दुरुस्त्यांविना तशीच वापरायची, की त्यांच्यावर लिनक्स टाकायचं, हा आता घरखर्चाचा प्रश्न झाला आहे. माझं उत्तर लिनक्स हेच आहे. पण मग लगेच दुसरा प्रश्न येतो: कोणतं?

लिनक्स हे मुळात कर्नलचं, म्हणजे यंत्रणेच्या गाभ्याचं नाव. १९९१ साली लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधल्या विद्यार्थ्याने ते लिहायला घेतलं. या कर्नलभोवती खिडक्या, फाइली, प्रिंटर, ब्राउझर अशी सगळी मांडामांड करून जी वापरण्याजोगी व्यवस्था तयार होते, ती डिस्ट्रो. अशा शेकडो आहेत. लातूरला शिकणाऱ्या माझ्या भाच्याने त्यांतल्या पंधरा-वीस तोंडपाठ केल्या होत्या. ‘मामा, गेमिंगला कोणती टाकू?’ असं त्याने फोनवर विचारलं तेव्हा मी मिंट म्हणालो. त्याला ते नाव म्हातारं वाटलं. त्याने रोज नवे अपडेट येणारी एक डिस्ट्रो टाकली. मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून त्याने दीड-दोन जीबीचं अपडेट उतरवलं, ते बसत असतानाच लाइट गेली, आणि मशीन पुन्हा उठलंच नाही. घरात इन्व्हर्टर होता, पण तो पंखा आणि दोन दिव्यांपुरता. त्याने तीन दुकानं पालथी घातली. तिन्हीकडे एकच उत्तर मिळालं: ‘हे आम्हाला जमत नाही, विंडोज मारून देतो.’ मी नांदेडहून जाईपर्यंत आठवडा गेला. परीक्षेचे दिवस होते.

त्या डिस्ट्रोत खोट नव्हती. चोवीस तास वीज, घरात फायबर आणि चार जाणते मित्र ज्याच्याकडे आहेत, त्याला ती उत्तम. पण निवड करताना भाच्याने प्रोसेसर पाहिला, ग्राफिक्स कार्ड पाहिलं, शेजार पाहिला नाही. आपल्या भागात डिस्ट्रो निवडताना सगळ्यात आधी विचारायचं ते हे: बंद पडली तर चालत जाण्याच्या अंतरावर कोण आहे?

म्हणून मी मिंटचा आग्रह धरतो. तिचा पाया उबंटू या डिस्ट्रोच्या दीर्घकाळ आधार असलेल्या आवृत्तीचा. जुलै २०२४ मध्ये आलेल्या मिंट २२ ला २०२९ पर्यंत सुरक्षेचे अपडेट मिळणार आहेत. दोन जीबी रॅमवर ती उभी राहते, चार जीबीवर नीट चालते. यंत्र फारच थकलेलं असेल तर तिची हलकी एक्सएफसीई आवृत्ती घ्यावी. तिच्यातलं टाइमशिफ्ट सुरुवातीलाच लावून ठेवलं तर ते यंत्रणेची प्रत जपून ठेवतं. अपडेट अर्ध्यात तुटलं तरी पेनड्राइव्हवरून सुरू करून कालच्या स्थितीला परत येता येतं. भारनियमनाच्या गावात ही सोय दहा नव्या सुविधांपेक्षा मोलाची आहे.

मराठीचं काय, हे मला दर वेळी विचारलं जातं. परवा एका शिक्षकाच्या लॅपटॉपवर मिंट टाकून दिली, कीबोर्डच्या सेटिंगमध्ये इनस्क्रिप्ट ही कळमांडणी जोडली आणि त्यांना ‘शेतकऱ्यांनी’ हा शब्द टाइप करायला सांगितला. त्यातला ऱ्य ही मराठीची खरी परीक्षा. शिफ्ट धरून जे दाबला, डीने पाय मोडला, य जोडला. अक्षर जसं हवं तसं उमटलं. इनस्क्रिप्टला भारतीय मानक ब्यूरोने १९९१ सालीच मान्यता दिली आहे. लिनक्सवर देवनागरी नीट दिसावी म्हणून रेड हॅटच्या पुण्यातल्या अभियंत्यांनी ‘लोहित’ फॉन्टवर वर्षानुवर्षं काम केलं. तेव्हा युनिकोडमध्ये लिहिणाऱ्याला इथे काहीही कमी पडत नाही.

अडचण जुन्या फाइलींची आहे. कृतिदेव किंवा श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टमध्ये केलेलं काम तो फॉन्ट नसेल तिथे इंग्रजी अक्षरांचा कचरा होऊन उघडतं. लग्नपत्रिका छापणाऱ्याचं सगळं दुकान कोरलड्रॉ आणि श्रीलिपीवर चालतं, मोंढ्यातल्या आडत्याचा हिशेब टॅलीत असतो. त्यांना मी लिनक्सकडे ओढणार नाही. पोटाचं काम ज्या सॉफ्टवेअरवर आहे ते मोडून तत्त्व पाळायला सांगण्याचा अधिकार कोणालाही नाही.

आता गेम. विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवण्यासाठी ‘वाइन’चं काम १९९३ पासून चालू आहे. पण चित्र पालटलं ते २०१८ मध्ये, व्हॉल्व कंपनीने आपल्या स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात ‘प्रोटॉन’ आणलं तेव्हा. विंडोजसाठी लिहिलेला गेम डायरेक्टएक्सच्या भाषेत ग्राफिक्स कार्डाशी बोलतो. प्रोटॉन ते बोलणं चालता चालता लिनक्सवर चालणाऱ्या व्हल्कनच्या भाषेत करून देतं. २०२२ मध्ये व्हॉल्वने स्टीम डेक हे हातातलं यंत्र लिनक्सवरच काढलं आणि एकट्याने खेळायचे बहुतेक गेम लिनक्सवर चालू लागले.

पण यात दोन अडसर आहेत, आणि भाच्यांना ते आधीच सांगायला हवेत. पहिला कार्डाचा. आपल्याकडच्या असेंबल्ड मशीनमध्ये सर्रास दिसणारं एनव्हिडियाचं जीटी ७१० घ्या. त्याचा ड्रायव्हर व्हल्कन १.२ वरच थांबलेला आहे, आणि प्रोटॉनमधल्या आजच्या भाषांतर-थराला १.३ लागतं. असं कार्ड विंडोजवर जे गेम रडतखडत खेळवतं, त्यांतले कित्येक लिनक्सवर उघडणारच नाहीत. कोणतीही डिस्ट्रो टाकली तरी यात फरक पडत नाही. दुसरा अडसर ऑनलाइन गेममध्ये फसवणूक रोखणाऱ्या यंत्रणांचा. त्यांच्यामुळे व्हॅलोरंट लिनक्सवर चालत नाही. एपेक्स लेजंड्सने २०२४ च्या अखेरीस लिनक्सला दार बंद केलं. जीटीए ५ ची कथा खेळता येते, ऑनलाइन नाही. मुलगा रोज रात्री मित्रांबरोबर व्हॅलोरंट खेळत असेल तर त्याचं विंडोज काढू नका. त्याच डिस्कवर शेजारी मिंट टाकून द्या.

एएमडीचं नवं कार्ड असेल आणि मशीन मुख्यतः खेळण्यासाठीच असेल, तर फेडोराच्या पायावरची बॅझाइट जरूर पाहावी. तिच्यात नवं अपडेट वेगळं तयार होतं आणि जुनी प्रत जागेवर राहते. डाउनलोड मात्र मोठे असतात.

‘निवडीचं स्वातंत्र्य हाच लिनक्सचा प्राण, मग सगळ्यांना एकच डिस्ट्रो कशाला?’ असा आक्षेप माझे इंजिनिअर मित्र घेतात. तो मला मान्य आहे, पण जाणकाराच्या बाबतीत. नवख्याच्या हाती शेकडो पर्याय दिले की तो गोंधळून विंडोजच्या क्रॅककडे परततो. विंडोज आपल्याकडे रुजलं ते प्रत्येक गल्लीत ते मारून देणारा होता म्हणून. केरळने सरकारी शाळांत लिनक्स नेलं तेव्हा सगळ्या शाळांना एकच व्यवस्था दिली आणि शिक्षकांना तीच शिकवली. त्यामुळे एका शाळेतली अडचण दुसऱ्या शाळेला सोडवता आली. आपल्याकडे सी-डॅक या सरकारी संस्थेने २००७ मध्ये आणलेली बॉस ही डेबियनवर आधारलेली डिस्ट्रो आहे. हेतू चांगला होता, पण ती दुकानापर्यंत आली नाही. दुकानदाराला जे येत नाही ते गावाला येत नाही.

नांदेड आणि लातूर या दोन शहरांनी निदान पाच वर्षं मिंट हीच आपली डिस्ट्रो धरावी, असं माझं स्पष्ट मत आहे. विष्णुपुरीच्या श्री गुरु गोबिंदसिंगजी अभियांत्रिकी संस्थेत आणि विद्यापीठात संगणक शिकणाऱ्या मुलांना माझी विनंती आहे: स्वतःच्या लॅपटॉपवर हवी ती डिस्ट्रो वापरा. पण एका रविवारी मिंटचा पेनड्राइव्ह घेऊन ओळखीच्या दुकानात जा, दुकानदाराशेजारी बसा, टाइमशिफ्टने मशीन मागे कसं न्यायचं ते त्याच्याच हाताने दोनदा करून घ्या आणि तो पेनड्राइव्ह त्याच्याकडेच ठेवून या.