मोडलेल्या सुया

श्रोतेहो, सुई मोडते. आपण ती टाकून देतो, विसरतो. जपानात मात्र सुई मोडते तेव्हा तिची दखल घेतली जाते. दर ८ फेब्रुवारीस टोकियोच्या सेन्सो-जी मंदिराच्या आवारात शिवणकाम करणारी माणसे वाकलेल्या, मोडलेल्या सुया घेऊन येतात आणि, जन्मभर जाडजूड कापडाशी झुंजलेल्या त्या टोकांना अखेर तरी मऊ जागा लाभावी म्हणून, पांढऱ्या टोफूच्या वडीत त्या हलकेच टोचून ठेवतात. ‘हारी कुयो’ हे या विधीचे नाव. कोणी यास भाबडेपणा म्हणेल. मला तो कृतज्ञतेचा रीतसर दस्तऐवज वाटतो. निर्जीव सुईचे उपकार स्मरणाऱ्या माणसाकडून थकल्या सेवकाची उपेक्षा सहसा होत नसावी. श्रोतेहो, खंडेनवमीला आपणही अवजारे पूजितोच. पण ती धडधाकट, कामाची. सुई मोडते, कात्री बोथट होते, आणि पूजेच्या पाटावरून त्यांचे नाव परस्पर खारीज होते.