न पाहिलेल्यांसाठी अश्रू

सन २०२२ च्या फेब्रुवारी महिन्याची ६ वी तारीख. रविवारचा दिवस होता. लता मंगेशकर मुंबईत वयाच्या ९२ व्या वर्षी निवर्तल्या, ही वार्ता त्या सकाळी गावोगाव पोहोचली. सरकारने दोन दिवसांचा दुखवटा जाहीर केला व सायंकाळी शिवाजी पार्कच्या मैदानावर त्यांचा अंत्यविधी झाला. आमच्या परिचयाच्या एका वृद्ध बाईंनी वार्ता ऐकून डोळ्यांस पदर लावला. नातीने विचारले, "आजी, त्या तुला कधी भेटल्या होत्या का?" बाई म्हणाल्या, "नाही गं. पण त्यांचे गाणे लागले की तुझे आजोबा हातातले काम टाकून दारात येऊन बसत."

ज्यास आपण कधी पाहिले नाही, ज्यास आपले नावही ठाऊक नव्हते, त्याच्या मरणाचे दुःख खरे असते काय? कित्येक गंभीर माणसे म्हणतात की, हा निव्वळ देखावा होय. शेजारचा मजूर मेला तर जे त्याच्या दारी जात नाहीत, तेच गायकांसाठी व नटांसाठी टिपे गाळतात. या आक्षेपात तथ्य नाही असे आम्ही म्हणत नाही. तथापि त्या बाई खोट्या रडल्या नाहीत. लताबाईंची गाणी शनिवारी होती तितकीच सोमवारीही होती. त्यांतले एकही कमी झाले नाही. मग गेले काय? आपल्या तरुणपणाचा एक साक्षीदार गेला. बाई रडल्या त्या पतीसाठी, दारातल्या त्या घटकाभर विसाव्यासाठी, आणि पुन्हा न येणाऱ्या दिवसांसाठी. हे रडणे खरे आहे. मात्र आपण कोणासाठी रडतो हे ओळखावे, एवढेच आमचे म्हणणे आहे.

हे न ओळखल्याने दुःखाचा अभिमान होतो. अशा प्रसंगी वडीलधारी माणसे म्हणू लागतात, "गाणी होती ती आमच्या काळची, आताची म्हणजे नुसता गोंगाट!" आणि घराघरांत म्हाताऱ्यांचा व तरुणांचा वाद जुंपतो. परंतु आपणांस इतिहासाचा विसर पडू नये. सन १९५२ मध्ये बाळकृष्ण विश्वनाथ केसकर नभोवाणी खात्याचे मंत्री झाले. चित्रपटगीतांनी लोकांची अभिरुची बिघडते, असे त्यांचे मत होते. म्हणून आकाशवाणीवरून ती जवळजवळ नाहीशी झाली. लोक ती ऐकण्यासाठी रेडिओ सिलोन लावू लागले. अखेर ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती सुरू झाली. ज्या गाण्यांच्या नावाने आज आपण नातवंडांस दटावतो, तीच गाणी आपल्या वडिलांच्या काळी अशी नाकारली गेली होती! तेव्हा प्रेम जुन्यावर अवश्य करावे. परंतु त्या प्रेमाची काठी करून मुलांच्या पाठीत घालू नये.

त्याहून वाईट गोष्ट त्या सायंकाळी घडली. नट शाहरुख खान यांनी लताबाईंच्या पार्थिवापुढे दुआ मागितली व मुसलमानी रिवाजाप्रमाणे फुंकर घातली. ते थुंकले, असा गवगवा कित्येकांनी केला. परक्याच्या प्रार्थनेची रीत आपणांस ठाऊक नसेल, तर विचारावे किंवा मुकाट राहावे. शोकाच्या जागी दोष शोधीत बसणारा मनुष्य मृताचा मान राखीत नाही.

आणखी एक विचार मनात येतो. सन १९६२ च्या युद्धात पडलेल्या शिपायांसाठी लताबाईंनी २७ जानेवारी १९६३ रोजी दिल्लीत एक गीत गाइले. ज्यांस आपण पाहिले नाही अशांसाठी डोळे ओले व्हावेत, हाच त्या गीताचा हेतू होता. म्हणजे न पाहिलेल्यांसाठी रडणे हा काही दोष नव्हे. परंतु ते गीत प्रदीप यांनी लिहिले, आणि त्यास चाल लावणारे सी. रामचंद्र आपल्या नगर जिल्ह्यातील पुणतांब्याचे होते, हे कितीजणांस आठवते? आपली कृतज्ञता दिव्याच्या उजेडात उभ्या असलेल्या माणसापाशीच थांबते. वाजंत्री वाजविणारे, शब्द जुळविणारे, आणि तसेच आपल्या गावात विहीर खणणारे, पहिली अक्षरे गिरवून घेणारे, बाळंतिणीच्या उशाशी रात्र काढणारे, यांच्या मरणास दुखवटा नसतो.

म्हणून, प्रिय वाचकहो, पुढे कधी एखाद्या थोर कलावंताच्या मृत्यूची वार्ता येईल तेव्हा लाजू नका. मन भरून आले तर येऊ द्या. परंतु ते भरलेले मन घेऊन घरातच बसू नका. ज्या घरी नुकतेच कोणी गेले आहे, त्या घरच्या ओट्यावर घटकाभर जाऊन बसा. दूरच्यासाठी आलेला अश्रू जवळच्याच्या दारी आपणांस नेईल, तर तो खरा होता असे आम्ही समजू.