फळ्यासमोरचा माणूस

माझा एक जुना विद्यार्थी हिंजवडीच्या एका संगणक-कंपनीत इंजिनिअर आहे. उन्हाळ्याच्या सुटीत तो घरी आला होता. हल्ली नव्या इंजिनिअरांच्या मुलाखती घेण्याचे काम त्याच्याकडे असते. उमेदवाराला फळ्यासमोर उभे करावयाचे आणि पाऊण तासात एक कोडे सोडवावयास सांगावयाचे, असा तिथला रिवाज. बोलता बोलता तो म्हणाला, "सर, ते कोडे आदल्या रात्री पाहून गेल्याशिवाय मलाही सुटत नाही."

मी हसलो खरा; पण ते वाक्य मनातून जाईना. जो प्रश्न आपल्यालाच सुटत नाही, त्यावरून दुसऱ्याची भाकरी ठरविण्याचा अधिकार आपल्याला आहे काय?

परीक्षा नकोच, असे मी म्हणणार नाही. परीक्षा गेली की तिच्या जागी वशिला येतो. ज्याचा मामा मोठ्या हुद्द्यावर नाही अशा खेड्यातल्या पोराला फळ्यावरचे कोडे हाच काय तो दरवाजा. पण दरवाजा कोणाच्या मापाने बांधला आहे, हे पाहिले पाहिजे.

मॅक्स हॉवेल या इंजिनिअराने 'होमब्रू' नावाची प्रणाली रचली. ॲपलच्या संगणकावर निरनिराळ्या प्रणाली बसविण्यासाठी ती वापरतात. २०१५ साली गूगलने त्याला नाकारले. त्याची तक्रार अशी की, आपली प्रणाली तिथले बहुतेक इंजिनिअर वापरतात. पण 'बायनरी ट्री' फळ्यावर उलटवून दाखविता आली नाही, म्हणून आपल्याला घालविले. ही ट्री म्हणजे माहितीची झाडासारखी मांडणी. ती उलटवावयाची म्हणजे डाव्या फांद्या उजवीकडे न्यावयाच्या. पुढे त्यानेच कबूल केले की, आपल्याला संगणकशास्त्र पुष्कळदा येत नाही. पण लोकांना आवडतील अशा वस्तू आपण बनवितो. मला दोन्ही बाजू खऱ्या वाटतात. कंपनी शास्त्र विचारीत होती, तो कारागिरी दाखवीत होता.

त्याआधी, २०१३ साली, गूगलच्याच नोकरभरतीचे प्रमुख लास्लो बॉक यांनी सांगून टाकले होते की, विमानात गोल्फचे चेंडू किती मावतील, असल्या कोड्यांवरून माणसाच्या कामाचा काही अंदाज येत नाही. विचारणाऱ्याला आपण हुशार आहोत असे वाटावे, एवढाच त्यांचा मुख्य उपयोग.

हे वाचून मी चपापलो. तोंडी परीक्षेत मी एकदा एका मुलाला सनावळी विचारली. तो गप्प राहिला आणि मी त्याच्यावर वर्ग हसविला. शाळेचा बंद पडलेला पंप त्याच मुलाने दोनदा चालू करून दिला होता. पण त्याचे गुण मांडावयाला माझ्या पत्रकात रकाना नव्हता.

इंजिनिअराचे रोजचे काम तरी काय? दुसऱ्याने लिहिलेले वाचावयाचे, चूक शोधावयाची, अडले तर शेजाऱ्याला विचारावयाचे. मुलाखतीत मात्र शेजारी नसतो आणि "मला येत नाही" म्हणणे धोक्याचे ठरते. निघताना मी विद्यार्थ्याला म्हणालो, "अरे, प्रश्न विचार, पण जो 'येत नाही' म्हणेल, त्याच्याशी तिथूनच बोलावयास लाग. मग तो काय करतो ते पाहा."

तो म्हणाला, "सर, वेळ पाऊण तासच असतो."

त्याचेही खरे आहे. पण त्या मुलाला हसावयाला मला पाऊण मिनिटही लागले नव्हते.