फडावरचा आगमनकाळ

दिवाळी सरली की बीड जिल्ह्यातली कितीतरी गावं ओस पडतात. धारूर, वडवणी, केज, पाटोद्याकडची माणसं मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल फेडायला लेकरंबाळं घेऊन पश्चिम महाराष्ट्रात नि कर्नाटकात ऊसतोडीला जातात. नाताळाआधीच्या चार रविवारांचा ख्रिस्ती आगमनकाळही याच दिवसांतला. नाताळ म्हणजे केक आणि रोषणाई एवढंच ज्याच्या डोळ्यांपुढे आहे, त्याला हा नुसता योगायोग वाटेल. माझं म्हणणं असं की या सणातला आनंद नेमका कशाचा, ते उसाच्या फडावर जास्त स्पष्ट दिसतं.

शुभवर्तमानकार लूकने सांगितलेली येशूच्या जन्माची हकिकत पाहा. रोमच्या बादशहाने नावनोंदणीचा हुकूम काढला, म्हणून दिवस भरत आलेली मरिया नासरेथ सोडून बेथलेहेमला येते; उतारशाळेत जागा मिळत नाही, बाळाला गव्हाणीत निजवावं लागतं. त्या नोंदणीच्या सालाबद्दल इतिहासकारांत वाद आहे, आणि तो रास्त आहे. पण लूकचा मुद्दा त्याने पुसला जात नाही: परक्याच्या हुकमाने घर सुटलेल्या बाईच्या पोटी देव आला, आणि ती बातमी आधी कळली ती रात्री मेंढरं राखणाऱ्यांना. फडावर पोटुशी बाई पहाटेच्या अंधारात ऊस तोडायला उभी राहते, कारण खाडा पडला तर पैसे कापले जातात. कुणाचं बाळंतपण पाचटाच्या खोपीतच होतं, आणि अंग पुरतं सावरायच्या आत बाळाची झोळी फडाच्या कडेला टांगावी लागते.

कुणी म्हणेल, दोन हजार वर्षं झाली, काय बदललं? मग हा आनंद भाबडाच नाही का? पण काही बदललं नाही, हे चर्चच्या उपासनेला ठाऊक आहे. म्हणून तर आगमनकाळाचा रंग पश्चात्तापाचा, जांभळा. फक्त तिसऱ्या रविवारी धर्मगुरू गुलाबी वस्त्र घालू शकतात, आणि त्या दिवशी आनंदाची हाक ऐकू येते ती प्रेषित पौलाच्या फिलिप्पैकरांस पत्रातली, बेड्यांत असताना लिहिलेल्या पत्रातली. पोटातलं बाळ अजून हाती आलेलं नसतं, तरी त्याची हालचाल आईला कळतेच. हा आनंद त्या जातीचा आहे.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: गरिबीला असं पावित्र्य दिलं की अन्याय गोड वाटू लागतो. नुसतं गव्हाणीचं कौतुक करणाऱ्या प्रवचनांना तो लागू पडतोच. मरियेला मात्र नाही. पोटुशी असतानाच ती जे स्तोत्र गाते, त्यात सत्ताधीश खाली उतरतात, भुकेल्यांची पोटं भरतात, धनवान रिकाम्या हातांनी परततात. तिचा हर्ष हे घडणार म्हणून आहे. बीडमधल्या ऊसतोड बायकांची गर्भाशयं मोठ्या संख्येने काढली गेल्याचं २०१९मध्ये गाजलं आणि शासनाला चौकशी समिती नेमावी लागली. मरियेचं स्तोत्र मनापासून म्हणणाऱ्याला त्या बायकांकडे पाठ फिरवता येत नाही; फडाजवळ दवाखाना आणि खाडा न लावता बाळंतपणाची रजा, या मागण्याही त्याच्याच होतात.