मिटलेले दोघे

न्यू जर्सीतल्या एडिसनला सुहासच्या तळघरात चार फुटी टाकी होती. पाण्यात मोजूनमापून कालवलेलं मीठ, 25 अंश तापमान, वर निळसर दिवे आणि आत दगडांवर बसवलेली जिवंत पोवळी. मालवणच्या बंदरात लहानाचा मोठा झालेला मुलगा परमुलखात जाऊन तळघरात समुद्र करतो, हे त्याच्या आईच्या पचनी पडलं नव्हतं. मुलाकडे 6 महिन्यांसाठी आल्या आल्या तिने विचारलं होतं, "घरात दर्यो कित्याक होयो तुका?"

मालवणात त्याला हे करताच आलं नसतं. आपल्याकडे 2001 पासून खडक बांधणारी सगळी पोवळी वन्यजीव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात, म्हणजे वाघाच्या पंगतीत आहेत. अमेरिकेत दुकानात मिळतात, बरीचशी तर कलमं करून वाढवलेली.

त्या पोवळ्यांपैकी दोन सुहासचे लाडके. एक लेदर कोरल: वीतभर रुंद, छत्रीसारखं, वर असंख्य बारीक पॉलिप, म्हणजे पोवळ्याची इवली इवली तोंडं. दुसरं सन कोरल: नारिंगी नळ्यांचा गुच्छ. दुकानात ते पूर्ण उमललेलं, पिवळंधमक होतं. त्याला प्रकाश लागत नाही, एवढं ऐकून सुहासने ते दगडाच्या कपारीत, सावलीत बसवलं. जागा बरोबर निवडली. पण 'प्रकाश लागत नाही' म्हणजे 'काहीच लागत नाही', असा अर्थही परस्पर काढून मोकळा झाला.

फेब्रुवारीत दोन्ही मिटले. लेदरचे पॉलिप आत गेले, छत्री आक्रसली, वर मेणकट तकाकी आली. सन कोरलच्या तर नुसत्या नळ्या उरल्या.

लेदर टाकीच्या मधोमध, दिव्याखाली. येणारा-जाणारा आधी त्याच्याकडेच बघणार, म्हणून काळजीही त्याचीच. सुहासने दिवसातून तीनदा त्याच्यावर मायसिस नावाच्या गोठवलेल्या बारीक कोळंब्या आणि कसली कसली भुकटी सोडायला सुरुवात केली. कपारीतल्याबद्दल त्याचं उत्तर तयार होतं: "ते रात्रीचं फुलतं, आता झोपलंय." आठवडाभरात काचेवर हिरवं शेवाळ चढलं, पाण्यातलं नायट्रेट वाढलं आणि लेदर होतं तसंच मिटलेलं राहिलं.

पोवळं काय खातं, हा प्रश्न शास्त्रज्ञांनाही सोपा गेलेला नाही. 1928-29 साली मॉरिस याँग यांची तुकडी ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवर लो आयल्स बेटांवर मुक्काम ठोकून होती. तिने पोवळ्यांना खाऊ घालून पाहिलं आणि याँग म्हणाले, हा पक्का मांसाहारी प्राणी; त्याच्या अंगात राहणाऱ्या सूक्ष्म शैवालावर तो जगत नाही. पुढे किरणोत्सारी कार्बनच्या खुणेने माग काढला, तेव्हा दिसलं की उजेडात अन्न तयार करून ते शैवाल त्यातला मोठा वाटा यजमानाला देतं. काही पोवळ्यांची ऊर्जेची 90 टक्क्यांपर्यंत गरज त्यावर भागते. तरी शिकार सुटत नाही, कारण नुसत्या साखरेवर अंग भरत नाही. नायट्रोजन, फॉस्फरस कुठून तरी यावाच लागतो. लेदरच्या अंगात हे शैवाल असतं; सन कोरलसारख्यांच्या अंगात ते नसतंच. त्यांना दिवा कितीही लावा, घास तोंडात पडला तरच पोट भरणार.

हे सगळं पुस्तकात होतं. सुहासने वाचलंही होतं. पाहिलं मात्र आईने.

घड्याळ उलटं झाल्याने तिला रात्री झोप नसे. मग ती तळघरात खुर्ची ओढून टाकीसमोर बसायची. सुहास रात्रीचं शेवटचं खाणं सोडून वर गेला, की लेदरवर पडलेले तुकडे घरंगळून खाली यायचे. लाल पट्ट्यांची टाकीतली कोळंबी ते पळवायची, उरलेलं गाळणी ओढून घ्यायची. त्यानंतर पुष्कळ वेळाने कपारीतल्या नळ्यांची तोंडं फुगायची. एकेका तोंडाभोवती पिवळी, काचेसारखी पारदर्शक बोटं हळूहळू बाहेर यायची, पाण्यात चाचपडायची आणि काहीच हाताला न लागल्याने परत आत जायची. रोज हेच.

एका सकाळी चहा ओतता ओतता ती म्हणाली, "तुझो तो कोपऱ्यातलो उपाशी हा. तो जेवक बसता तवसर वाढपी निघान जाता. आणि त्या छत्रेक कायच नको, तू उगाच घास कोंबतस."

"आये, ते आजारी आहे गं."

"मगे आजाऱ्याक दिवसात तीनदा जेवण?"

सुहास चिडला खरा, पण त्या रात्री तोही खाली बसला. तिने सांगितलं तसंच घडताना त्याने पाहिलं.

मग त्याने लेदरचं खाणं बंद केलं आणि पंपाचं तोंड त्याच्याकडे वळवलं. लेदर अधूनमधून अंगावर मेणकट पापुद्रा धरतं आणि टाकतं. त्याबरोबर वर साचलेला गाळ, शेवाळ निघून जातं. त्या काळात ते काही दिवस मिटून असतं. त्याला हवा असतो तो पाण्याचा खळखळाट. काही दिवसांत पापुद्र्याच्या चिंध्या सुटून वाहून गेल्या आणि पॉलिप बाहेर आले.

सन कोरलसाठी मात्र बैठकच मांडावी लागली. दिवे मंद करायचे. मायसिस विरघळल्याचं नुसतं पाणी आधी कपारीत सोडायचं. वासाने तोंडं उघडेपर्यंत पंधरा-वीस मिनिटं थांबायचं. मग पंप बंद करून पिपेटने एकेका तोंडाशी एकेक कोळंबी धरायची. सगळ्या तोंडांना वेगवेगळं भरवायचं. बोटं कोळंबीवर मिटतात, तिला तोंडाकडे सरकवतात, आणि नळीच्या मध्यावर फट उघडून ती आत जाते. त्याच फटीतून नंतर चोथा बाहेर येतो. या प्राण्याला दुसरं दार नाही. चोर कोळंबीवर उपाय आईचा: सोड्याच्या प्लास्टिक बाटलीचा बुंधा कापून वरचा भाग गुच्छावर घंटेसारखा उपडा ठेवायचा आणि गळ्यातून पिपेट घालायचं.

ठरलेल्या वेळी खाणं मिळू लागल्यावर सन कोरल त्या सुमाराला आपणहून उघडू लागलं. आई ऑगस्टमध्ये मालवणला परतली, तोवर नळ्यांच्या बुडाशी नवी पिल्लं फुटली होती. ती जाण्याआधी सुहासने भरवण्याचं वेळापत्रक लिहून टाकीवर चिकटवलं. त्यात लेदरचं नाव नव्हतं.

परदेशात राहून असली टाकी मांडायचा विचार असेल, तर दुकानातल्या पिवळ्या फुलांना भुलण्याआधी घरातलं वेळापत्रक बघा. आठवड्यातून निदान दोन-तीन रात्री तासभर टाकीसमोर बसणं जमणार नसेल, तर सन कोरल घरी आणू नका. लेदर आणा.